पटावरून निसटलेली मुले

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



अक्षय्य तृतीयेस वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते, हे येथे बसलेल्या लहानग्यांनाही ठाऊक आहे. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने त्यांच्या ओंजळीत इक्षुरस अर्पण केला, त्या प्रसंगाची ही परंपरा. योगायोग असा की, महाराष्ट्रातील ऊसगाळपाचा हंगामही साधारणतः अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे पुरता आटोपलेला असतो. पारण्याचा पेला ज्या दिवसांत हाती येतो, त्याच दिवसांत ऊस तोडणारी कुटुंबे आपल्या वाडी-तांड्यावर परतून पाच-सहा महिने बंद असलेल्या घराचे कुलूप काढीत असतात. त्यांच्याबरोबर परतणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचे त्या काळात काय झाले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

परभणी जिल्ह्याचे चित्र दुहेरी आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यानंतर उरलेल्या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एकीकडे गोदावरीचा काठ आणि जायकवाडीच्या कालव्याचे पाणी आहे. पाथरी, मानवत या बाजूस उसाचे हिरवे पट्टे दिसतात. दुसरीकडे जिंतूरचा डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेस गंगाखेड, पालम, सोनपेठकडे उतरणाऱ्या बालाघाटच्या रांगा. तेथील अनेक वाड्या-तांड्यांवर जमीन हलकी, पाणी तुटपुंजे, आणि कापूस-सोयाबीन निघाले की हाताला काम नाही. ऊसतोड म्हटले की सर्वांच्या तोंडी बीड जिल्ह्याचे नाव येते, व ते योग्यच आहे. परंतु परभणीच्या या भागांतूनही दरवर्षी टोळ्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. त्याच दिवसांत जिल्ह्यातील कारखान्यांच्या फडांवर बाहेरगावच्या टोळ्या येऊन उतरतात. म्हणजे हा जिल्हा मुले पाठवितोही आणि मुले स्वीकारितोही. गावातील बहुतेकांना यांतील एकही गोष्ट दिसत नाही, कारण फड डांबरी रस्त्यापासून आत असतो.

या व्यवसायाची रीत व्यापारी समाजास समजण्यास कठीण नाही. ऊसतोडीत पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. हंगामाच्या कित्येक महिने आधी मुकादम प्रत्येक कोयत्यास ‘उचल’ देतो, आणि पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडावयाची असते. हंगाम अपुरा पडला, आजारपण आले, बैल गेला, तर उचल फिटत नाही व राहिलेली बाकी पुढील हंगामाच्या नावे ओढली जाते. पैशाची बाकी अशी न चुकता पुढील पानावर जाते. त्याच घरातील मुलाने चौथीचे अर्धे पुस्तक पूर्ण केले होते, ही नोंद मात्र कोणीही पुढे नेत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास उचलीचा उरलासुरला पैसा बाजारात येतो. परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या कापड गल्ल्यांत त्या आठवड्यांत हे गिऱ्हाईक नजरेस भरते. सतरंजी, चादरी, लुगडी, कानटोप्या, तान्ह्यासाठी झबले, आणि कोपीवर टाकावयास ताडपत्री. मुलाचा सदरा दोन बोटे मोठाच मागितला जातो, कारण तो वाढत्या अंगाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरावयाचा असतो. दुकानदारास मोलभाव करता करता बरेच काही कळते. घरात माणसे किती, लहान मूल आहे काय, जावयाचे कोठे, मुकादम कोण, ट्रक कोणत्या दिवशी लागणार. शाळेच्या मुख्याध्यापकास जे बहुधा ट्रक गेल्यानंतर समजते, ते कापड गल्लीत आठ दिवस आधी समजलेले असते. ही माहिती गल्ल्यावरच राहते, तिचा कोणासही उपयोग होत नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

फडावरचा दिवस पहाटेच्या काळोखातच सुरू होतो. आई-वडील कोयता घेऊन निघाले की कोपीत उरते ती दहा-बारा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचे तान्हे भावंड. पाणी भरणे, भाकरी थापणे, बाळाला झोके देणे, दुपारी आई-वडिलांना भाकरी पोहोचविणे ही कामे तिची. थोडी थोरली झाली की मोळ्या बांधणे व वाढे गोळा करणे हेही तिच्याकडे येते. गाडी भरण्याची वेळ रात्रीचीही असू शकते, त्यामुळे झोपेचे तास ठरलेले नाहीत. अशा मुलीविषयी ‘तिला शिक्षणाची गोडी नाही’ असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. तिच्या भावास शाळेत धाडले तर घरचे काम अडत नाही. तिला धाडले तर तान्ह्याजवळ कोण, हा प्रश्न उभा राहतो. या एका प्रश्नाला ज्या योजनेजवळ उत्तर नाही, ती योजना मुलांपर्यंत पोहोचली तरी मुलींपर्यंत पोहोचत नाही.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते. ऊसतोडीचे वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. हे मूल पहिल्या सत्रात वर्गात बसते, दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसत नाही, आणि परतते तेव्हा परीक्षा संपत आलेली असते. प्रारंभी काही आठवडे गुरुजी ‘गैरहजर’ असे लिहितात. पूर्वी ‘सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी’ असा शेराही पडत असे. पुढील जूनमध्ये उंची वाढलेली असते आणि वाचन मागे गेलेले असते. दोन-तीन वर्षे असे झाले की आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसण्याची लाज वाटते व मूल आपणहून कोयत्याकडे वळते. कोणत्याही एका दिवशी त्याने शाळा सोडलेली नसते, त्यामुळे ती सुटल्याची तारीखही कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

पटावरील नावांसंबंधी महाराष्ट्राला एक विलक्षण अनुभव आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मतदानाप्रमाणे मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि लाखो नावे अशी निघाली की त्यांच्यामागे मूलच नव्हते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पुस्तकात माल होता, वखारीत नव्हता. त्या वेळी या प्रकाराची खूप चर्चा झाली व ती व्हावयासच हवी होती. परंतु त्याच दिवसांत फडाकडे निघण्याच्या तयारीत असलेली मुले ही त्याच चुकीची दुसरी बाजू होती. तेथे मूल आहे, आणि काही दिवसांनी कोणत्याच पुस्तकात त्याचे नाव राहणार नाही. पहिल्या चुकीची तपासणी झाली. दुसरीसाठी राज्यभर एकाच दिवशी फडाफडांवर कोणी शाईची बाटली घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

अशा मुलांसाठी काहीच झाले नाही, असे मुळीच नाही. महाराष्ट्राचा या बाबतीतील वारसा मोठा आहे, आणि त्यातील पहिले नाव जैन समाजास आपले वाटावे असे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभारले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते त्यांच्या कार्याचा क्रम. खेड्यातील गरीब मुलाचे शिक्षण अडते ते भाकरी आणि निवारा यांपाशी, हे त्यांनी ओळखले. म्हणून आधी स्वयंपाकघर, मग फळा. कमवा आणि शिका ही योजना त्यातूनच आली.

दुसरी नावे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांच्या अंगणातच वर्ग भरविला, आणि ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या कार्यातून पुढे आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांना आढळले की मोठी मुले गुरे राखण्यास जातात. तेव्हा शाळा कुरणावर नेली गेली, तीच कुरणशाळा. मोठ्या मुली धाकट्या भावंडांमुळे अडकतात, हेही त्यांनी पाहिले, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला ‘विकासवाडी’ असे नाव होते. ताई शिकते आहे तोवर बाळ शेजारच्या खोलीत पाळण्यात आहे, ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या मध्यावर एका टेकडीवर होऊ शकली. फडावर ती सर्वत्र का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे.

पुढे १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संघटनेने भट्टीमजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. मजुरांच्या झोपडीस तेथे भोंगा म्हणतात. २००० नंतरच्या पहिल्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेतील ‘जनार्थ’ या संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा मोठ्या प्रमाणावर उभ्या केल्या. उसाच्या पाचटाची वा पत्र्याची एक खोली, एकच शिक्षक, चार इयत्तांची मुले एकत्र, आणि फडाच्या वेळेप्रमाणे बदलणारी शाळेची वेळ, असे तिचे साधारण स्वरूप असे. त्यांचा उपयोग झाला, परंतु मर्यादाही लवकर उघड झाली. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ एका तळावर हंगामभर राहतात. तेथे शाळा भरविता येते. ट्रक-ट्रॅक्टरसाठी ऊस तोडणाऱ्या टोळ्या मात्र शेतोशेती विखुरलेल्या असतात, आणि एका गावचा ऊस संपला की मुक्काम हलतो. शाळा एका जागी बांधलेली, मूल पुढच्या गावी. शाळा मुलापर्यंत नेली, तरी मूल तेथूनही पुढे गेले.

१ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ लागू झाला. त्यानंतर अशा पर्यायी वर्गांऐवजी मान्यताप्राप्त नियमित शाळेतच प्रत्येक मूल असावे, हे धोरण ठरले, आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्वतः यात काही गैर नाही. गरिबाच्या मुलाला दुय्यम दर्जाची शाळा का म्हणून द्यावी? कायद्याने त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, मागे राहिलेल्या मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद केली, आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारीही स्थानिक प्राधिकरणावर टाकली. या कलमांची माहिती आपल्यातील सुशिक्षितांनाही क्वचितच असते.

व्यवहारात मात्र फडावरचे मूल जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या दारात पोहोचते ते नोव्हेंबरअखेर. तेथील गुरुजींचा निम्मा अभ्यासक्रम शिकवून झालेला असतो. पुस्तके या मुलाला जूनमध्ये त्याच्या गावी मिळालेली, ती घराच्या कुलपाआड. पोषण आहाराचा तांदूळ आधीच्या पटाप्रमाणे आलेला. त्यात हे मूल फेब्रुवारीत टोळीबरोबर पुढे जाणार, हे सर्वांनाच ठाऊक. गुरुजींना दोष देणे सोपे आहे. पण ज्या मुलाचे मागचे काही माहीत नाही आणि पुढचे काही ठरलेले नाही, त्याच्यासाठी नेमके कोठून आरंभ करावा, हा त्यांचा प्रश्नही खरा आहे.

दुसरा मार्ग मुलांना गावीच ठेवण्याचा. आई-वडील फडावर असताना मुलांनी आजी-आजोबांजवळ राहावे आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व अभ्यासाची सोय शाळेच्या पातळीवर व्हावी, यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती जेथे शिक्षक आणि ग्रामस्थ मनापासून चालवितात तेथे मुले टिकतात. जेथे केवळ कागद चालतो तेथे पटावरचा आकडा आणि ताटांचा आकडा जुळत नाही. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहांची योजनाही मंजूर केली, आणि त्यासाठी निश्चित केलेल्या जिल्ह्यांत परभणीचा समावेश आहे. ही दिशा योग्य होय. साताऱ्याच्या १९२४ च्या वसतिगृहाचाच धागा येथे दिसतो. तथापि कडेवरच्या तान्ह्याला वसतिगृहात घेत नाहीत. ते आईबरोबर फडावर जाते, आणि त्याच्यामागे ताईही जाते. म्हणून गावात वसतिगृह आणि फडावर पाळणाघर ही एकाच कामाची दोन टोके आहेत. एक टोक सोडले तर दुसऱ्याने केवळ मुलगेच शिकतील.

याच संदर्भात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेले, आणि वाघोली येथील प्रकल्पात त्यांचे शिक्षण केले. मराठवाडा हे विसरणार नाही. त्या उदाहरणावरून ‘ऊसतोड कामगारांची मुलेही अशीच उचलून न्यावीत’ अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. येथे थोडा विवेक हवा. भूकंप एकदा आला. हंगाम दरवर्षी येतो. भूकंपात अनेकांचे छत्र हरपले होते. या मुलांचे आई-वडील हयात आहेत, कष्टाळू आहेत, आणि मूल नजरेआड करण्यास सहसा तयार नसतात. मुलाला कायमचे घरापासून तोडून शिकविणे हा अखेरचा उपाय असावा, पहिला नव्हे.

मग उरते काय? उरते ते सोपवणूक नीट करणे. आणि या विषयात जैन समाजाला कोणाकडून धडा घेण्याची आवश्यकता नाही.

चातुर्मासात साधु-साध्वी एका गावी स्थिर असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो. ऊसतोड कुटुंबाचे पंचांगही जवळपास असेच आहे. पावसाळ्याचे चार महिने गावी, आणि दसरा-दिवाळीनंतर वाटेवर. अर्थात साम्य येथेच संपते. साधूंचा विहार व्रताने स्वीकारलेला आहे, या मुलाचा प्रवास त्याने निवडलेला नाही. परंतु विहाराच्या वेळी संघ काय करतो, ते आठवावे. पुढील मुक्कामाच्या गावी आधी निरोप जातो. येथील श्रावक सोबत चालत जातात. अर्ध्या वाटेत पुढच्या गावचे श्रावक सामोरे येतात, आणि त्यांच्या स्वाधीन केल्यावरच पहिले परत फिरतात. कोणाची प्रकृती कशी आहे, कोणाचे काय तप चालू आहे, कोणत्या वेळी गोचरी, हे सर्व तोंडी पण चोख सांगितले जाते. परभणीहून निघालेल्या साध्वीजी मध्येच कोठे निसटल्या, पुढच्या संघास त्यांचा पत्ताच नाही, असे घडत नाही. या सोपवणुकीसाठी कोणते कार्यालय नाही, निधी नाही. केवळ प्रत्येक टोकाला एक जबाबदार माणूस आहे.

शासनानेही अशा सोपवणुकीचा कागद तयार केलेला आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेने ‘शिक्षण हमी पत्रक’ द्यावयाचे, आणि ते पाहून नव्या ठिकाणच्या शाळेने त्याला बसवून घ्यावयाचे. २०१७ पासून शिक्षकांमधूनच ‘बालरक्षक’ पुढे आले आणि त्यांतील अनेकांनी पदरमोड करून मुले शोधली. राज्यभर बालभारतीचीच पाठ्यपुस्तके चालतात, ही तर मोठीच सोय आहे. पत्रकावर ‘गणित, अमुक पाठापर्यंत’ एवढे लिहिले तरी सांगलीच्या गुरुजीला आरंभ कोठून करावा ते कळेल. कर्नाटकात गेलेल्या मुलाला ही सोय नाही, त्याचा प्रश्न अधिक कठीण आहे व त्याला गावीच ठेवणे हेच श्रेयस्कर. अडचण अशी की पत्रक घेऊन कोण जाणार? आई-वडील घाईत ट्रकमध्ये चढतात. कागद दप्तरात, दप्तर घरात. विहारातील श्रावकासारखा माणूस येथे कोणत्याच टोकाला नाही.

आणि येथेच एक गोष्ट सांगणे भाग आहे, जरी ती मानभावी वाटली नाही तरी थोडी बोचणारी आहे. या टोळ्या ज्या मुलखात जातात तो कोणता? बारामती, फलटण, वाळवा, मिरज, शिरोळ, हातकणंगले, पलीकडे चिकोडी. हा महाराष्ट्र-कर्नाटकातील उसाचा पट्टा आहे, आणि त्यातील सांगली-कोल्हापूर-बेळगावचा भाग हा जैन शेतकऱ्यांचाही पट्टा आहे. कर्मवीरांचे कुंभोज हातकणंगले तालुक्यातच आहे. पालमच्या तांड्यावरील मुलीने ज्या बांधावर भावंडाला झोका बांधला, तो बांध एखाद्या श्रावकाचा असणे मुळीच अशक्य नाही. इकडे तिच्या वडिलांना सतरंजी विकणारा दुकानदार समाजातला, तिकडे ऊस लावणारा शेतकरीही समाजातला. मधला सारा प्रवास मात्र अनोळखी. रोटी-बेटीचे, मालाचे, हुंडी-पत्राचे संबंध दोन्ही मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या असताना एका मुलाचा निरोप पोहोचू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

‘हे शासनाचे काम आहे’ असा आक्षेप येईल. आहेच. शाळा, शिक्षक, पुस्तके, वसतिगृह हे सारे शासनाचे काम आहे, आणि ट्रस्टने त्यात पडू नये. ट्रस्टने नवी शाळा काढू नये, इमारत तर मुळीच बांधू नये. समाजास इमारतींचा मोह थोडा अधिक आहे. शिलालेख लावता येतो. निरोप पोहोचविण्याच्या कामास शिलालेख नसतो, आणि कदाचित म्हणूनच ते राहून गेले आहे. दुसरा आक्षेप असा की मुकादम सहकार्य करणार नाही. फडावर मुले असल्याचे उघड झाले तर बालमजुरीचा ठपका येईल, अशी भीती त्याला व कारखान्याला वाटू शकते. म्हणून विचारपूस तक्रारीच्या सुरात नसावी. ‘तुमच्या टोळीतील अमुक मुलाची शाळा तिकडे कोठे लावावयाची’ इतकेच विचारावे. ज्या मुकादमाचा गावच्या बाजारात वर्षानुवर्षांचा खातेव्यवहार आहे, तो दुकानदाराच्या शब्दाचा सहसा अनादर करीत नाही.

काम दिसावयास लहान आहे. दसऱ्यापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावी चार-दोन तरुणांनी एक वही घालावी. कापड गल्लीत, भांड्यांच्या दुकानात, किराण्यात, ताडपत्रीवाल्याकडे उचलीचे गिऱ्हाईक आले की मुलांची नावे, गाव, शाळा व इयत्ता विचारून वहीत लिहावी. तान्हे भावंड बरोबर जाणार आहे काय, ते अवश्य लिहावे, कारण थोरलीचे शिक्षण त्यावर अवलंबून आहे. ती यादी त्या त्या मुख्याध्यापकांकडे द्यावी, म्हणजे ट्रक निघण्याआधी हमी पत्रक तयार होईल आणि ज्यांना गावी ठेवता येईल त्यांची नावे हंगामी वसतिगृहात लागतील. जे जातील त्यांच्यासाठी तिकडच्या गावच्या संघातील एका व्यक्तीस दूरध्वनी करावा आणि मुलाला जवळच्या शाळेत नेऊन बसविण्याची विनंती करावी. पाळणाघराचा खर्च कारखाना, शेतकरी व तेथील संघ यांनी मिळून कसा उचलावा, याविषयी त्या भागातील मंडळींशी बोलणे काढावे लागेल. हे एका वर्षात होणार नाही. त्याचप्रमाणे पाथरी-मानवतच्या फडांवर उतरलेल्या बाहेरगावच्या मुलांना येथील शाळेत नेऊन बसविण्याची जबाबदारी येथील तरुणांची. दोन्ही दिशांनी केले तरच दुसऱ्यांकडे विनंती करण्यास तोंड राहील.

वहीचा आरंभ संपूर्ण जिल्ह्यात करण्याची घाई नको. पहिल्या वर्षी दोन तांडे व एक वाडी पुरे, परंतु एकही नाव मध्येच सुटता कामा नये. वहीत सात रकाने आखावेत: मुलाचे नाव, शाळा व इयत्ता, कोणत्या पाठापर्यंत शिकून झाले, बरोबरचे भावंड, मुकादम व कारखाना, तिकडे ज्यांच्या स्वाधीन केले त्यांचे नाव, आणि परतल्याची तारीख. शेवटचा रकाना अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तांड्यावर स्वतः जाऊन भरावयाचा आहे.